दोन किलोच्या आतला टेहळ्या

मंगळावर उडालेल्या पहिल्या हेलिकॉप्टरने आयुष्यभरात कापलेलं सगळं अंतर एकत्र केलं, तर लोणारच्या विवराला काठाकाठाने जेमतेम तीन फेऱ्या होतात. 72 उड्डाणं, 17 किलोमीटर अंतर, हवेतला एकूण वेळ सव्वादोन तासांच्या आत. सर्वांत लांबचा पल्ला सुमारे 700 मीटर आणि सर्वांत मोठी उंची 24 मीटर. लोणारचं विवर 1.8 किलोमीटर रुंद आहे, म्हणजे या काठावरून त्या काठावर पोचायला त्याला तीनदा उडावं लागलं असतं आणि मध्ये दोनदा पाण्यात उतरायची वेळ आली असती. विवराच्या 137 मीटर खोलीपुढे त्याची उंची तर काहीच नाही.

हे आकडे लोणारच्या काठावर उभं राहून मनात मांडावेत, म्हणजे त्यांचा अर्थ लागतो. समोर तीव्र उतार असतो, त्यावर दाट झाडी, खाली हिरवट पाण्याची थाळी आणि पाण्याच्या कडेला चिखल. खाली उतरायची वाट ठरलेली आहे, पण वाट सोडून कुठे जाता येईल, कुठे पाय रुतेल, कोणता कातळ जवळून बघण्यासारखा आहे, हे वरून सांगता येत नाही. खाली उतरलं की झाडीमुळे दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. काठ आणि तळ यांच्या मधल्या जागेतून बघणारा एक डोळा हवासा वाटतो. मंगळावरच्या जेझेरो विवरात 2021 साली नेमका तोच डोळा उडाला. त्याचं नाव ‘इन्जेन्युइटी’, वजन 1.8 किलो.

लोणार आणि मंगळ यांची सांगड घालणारा मी काही पहिला नाही. दख्खनच्या काळ्या कातळावर, म्हणजे बेसॉल्टवर, आघाताने तयार झालेलं आणि इतकं चांगलं टिकलेलं विवर पृथ्वीवर दुसरं नाही. मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशी बेसॉल्टचाच आहे. त्यामुळे तिथे जाता येत नाही तोवर आघाताने बेसॉल्टचं काय होतं हे बघायला जगभरचे भूवैज्ञानिक बुलढाणा जिल्ह्यात येत राहिले. जेझेरो लोणारच्या कितीतरी पट मोठं, सुमारे 45 किलोमीटर व्यासाचं आहे. तिथेही एके काळी नदी येऊन मिळत होती, तळं साठत होतं. ते आटून अब्जावधी वर्षं झाली. लोणारची ‘धार’ अजून वाहते आणि तळं अजून भरलेलं आहे.

पण या लेखाचा विषय त्या टेहळ्याचा आहे. तो मंगळावर पहिल्यांदा उडाला 2021 मध्ये, आणि कल्पनेत त्याच्या आधी शंभराहून अधिक वर्षं.

एडगर राइस बरोज या अमेरिकन लेखकाची मंगळावरची कथा 1912 साली एका मासिकात क्रमशः आली आणि 1917 साली ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’ या नावाने पुस्तक झाली. त्या मंगळावर हेलियम आणि झोडांगा या दोन नगरांचं युद्ध पेटलेलं आहे. आकाशात जंगी लढाऊ नौका तरंगतात आणि त्यांच्या पुढे, एकेकटी, टेहळणीची विमानं धावतात. बरोजने त्यांचं माप दिलंय: लांबी सोळा फूट, रुंदी दोन फूट, जाडी तीन इंच. दोन्ही टोकं निमुळती, आवाज न करणारं इंजिन, वर एकटा माणूस. कथेचा नायक झोडांगाच्या हवाई दलात अशाच विमानाचा टेहळ्या म्हणून भरती होतो. विमान तरंगतं कशामुळे, याचं उत्तर बरोजकडे एका काल्पनिक किरणाने भरलेल्या टाक्यांमध्ये आहे, ते सोडून देऊ. त्याने एक गोष्ट मात्र अचूक ओळखली होती. टेहळणी करणाऱ्याने हलकं असावं, एकटं असावं आणि मोठ्या नौकेच्या पुढे जावं.

बरोजची कथा छापली गेली तेव्हा हे सगळं पृथ्वीवरही अगदी ताजं होतं. इटली आणि तुर्कस्तान यांच्या युद्धात 23 ऑक्टोबर 1911 रोजी कार्लो पियाझ्झा हा इटालियन अधिकारी आपलं ब्लेरियो विमान घेऊन लिबियात तुर्की फौजेवरून उडाला आणि तिच्या जागा पाहून परतला. युद्धात विमानाने केलेली ही पहिली टेहळणी मानतात. त्यानंतर नऊच दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, त्याच मोहिमेतल्या जुलिओ गावोत्ती या वैमानिकाने विमानातून हातबॉम्ब खाली टाकले. बघायला गेलेल्या विमानाने मारायला सुरुवात करायला नऊ दिवस पुरले. ही तारीख मी कधी विसरू शकत नाही, आणि या लेखात पुढे ती पुन्हा लागणार आहे.

आपल्याला टेहळणीचं महत्त्व नव्याने सांगायला नको. लोणारच्या याच जिल्ह्यात सिंदखेड राजा आहे, जिजाऊंचं माहेर. त्यांच्या मुलाच्या राज्यात बहिर्जी नाईकांसारख्या नजरबाजांवर मोहिमा उभ्या राहिल्या. आजच्या सैन्यात तेच काम हलकी हेलिकॉप्टरं करतात आणि ती चालवणारे वैमानिक आपल्या नाशिकला गांधीनगरच्या तळावर तयार होतात. त्यांच्या ‘चीता’ हेलिकॉप्टरची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ‘लामा’ या फ्रेंच हेलिकॉप्टरची ती हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेली आवृत्ती. लामाने 1972 साली 12,442 मीटर उंची गाठून विक्रम केला. ‘चीता’ आजवर सियाचीनला सामान नेतं, जखमींना उतरवतं, ते या हलकेपणाच्या जोरावर. विरळ हवेत वजनाचा प्रत्येक किलो मोजून घ्यावा लागतो.

मंगळाची हवा मात्र सियाचीनच्या हवेशी तुलना करण्यासारखीसुद्धा नाही. पृथ्वीवर समुद्रसपाटीला जेवढी घनता असते तिच्या सुमारे एक टक्का. पृथ्वीवर एवढी विरळ हवा हवी असेल तर तीसेक किलोमीटर वर जावं लागेल, लामाच्या विक्रमाच्या दुपटीहूनही वर. मंगळाचं गुरुत्व आपल्याहून कमी, 38 टक्के, एवढाच काय तो दिलासा. अशा हवेत उचल मिळवायची तर पाती मोठी हवीत, ती फार वेगाने फिरायला हवीत आणि उचलायचं वजन कमीत कमी हवं. इन्जेन्युइटीची पाती टोकापासून टोकापर्यंत 1.2 मीटरची होती. एकावर एक अशा दोन जोड्या, उलटसुलट दिशांना, मिनिटाला सुमारे 2,400 फेरे. याहून फार वेगाने फिरवणंही सोपं नव्हतं, कारण मंगळावर ध्वनीचा वेग सेकंदाला 240 मीटरच्या आसपास आहे आणि पात्यांची टोकं त्याच्या जवळ जाऊ लागली की हवा साथ सोडते.

आणि रात्र होतीच. जेझेरोत रात्री पारा उणे 90 अंशांपर्यंत उतरतो. इवल्याशा सौर पट्टीने दिवसभर साठवलेल्या विजेतला मोठा भाग रात्री बॅटरी आणि यंत्रं गोठू नयेत म्हणून ऊब देण्यातच जायचा. उडण्यासाठी उरायची ती शिल्लक.

ही कल्पना होती जे. बॉब बलराम यांची. मद्रासच्या आयआयटीत शिकलेला हा अभियंता कॅलिफोर्नियात नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत काम करत होता. मंगळावर हेलिकॉप्टर उडवता येईल असा प्रस्ताव त्यांनी 1990च्या दशकात मांडला. पैसे मिळाले नाहीत आणि कागद सुमारे पंधरा वर्षं पडून राहिले. पुढे संधी आली तेव्हा प्रकल्पाची सूत्रं मीमी आँग यांच्याकडे आणि मुख्य अभियंत्याचं काम बलराम यांच्याकडे होतं. यानाला नाव सुचवलं ते अलाबामातल्या भारतीय वंशाच्या एका शाळकरी मुलीने.

हलकेपणासाठी नासाने ज्या कंपनीची मदत घेतली तिचा इतिहास मला या सगळ्या कहाणीतला सर्वांत बोलका भाग वाटतो. एरोव्हायरन्मेंट ही कंपनी पॉल मॅकक्रेडी यांनी 1971 साली काढली. माणसाने पायाने पॅडल मारून उडवायचं विमान बनवण्याचं वेड त्यांना होतं. 1977 साली ‘गॉसमर कॉन्डर’ने त्यासाठीचं बक्षीस जिंकलं. 12 जून 1979 रोजी ‘गॉसमर अल्बट्रॉस’ने एका सायकलपटूच्या पायांच्या जोरावर इंग्लिश खाडी ओलांडली. तेवढ्या मोठ्या पंखांच्या त्या विमानाचं स्वतःचं वजन 32 किलोच्या आसपास होतं. कुठे काय काढून टाकता येईल, याची ती पराकाष्ठा होती. तीच विद्या पुढे युद्धात गेली. या कंपनीचं ‘रेव्हन’ हे सैनिकाने हाताने भिरकावून सोडायचं टेहळणी विमान अमेरिकी सैन्याने इराक आणि अफगाणिस्तानात मोठ्या प्रमाणावर वापरलं. त्याचं वजन 1.9 किलो. मंगळावरच्या टेहळ्यापेक्षा शंभर ग्रॅम जास्त. एकाच कार्यशाळेने जवळपास सारख्या वजनाचे दोन टेहळे घडवले, एक रणांगणासाठी आणि एक निर्मनुष्य विवरासाठी.

पर्सिव्हिअरन्स बग्गी 18 फेब्रुवारी 2021 रोजी जेझेरोत उतरली तेव्हा इन्जेन्युइटी तिच्या पोटाखाली घडी घालून बसवलेलं होतं. 19 एप्रिलला ते पहिल्यांदा उडालं. तीन मीटर वर गेलं, तिथे तरंगलं, खाली उतरलं, 39.1 सेकंदांत. राइट बंधूंचं 17 डिसेंबर 1903चं पहिलं उड्डाण 12 सेकंदांचं होतं. त्या विमानाच्या पंखाच्या कापडाचा एक तुकडा इन्जेन्युइटीच्या सौर पट्टीखाली चिकटवलेला होता.

तिथे पोचायला पृथ्वीवरून संदेशाला त्या दिवशी पंधरा-सोळा मिनिटं लागत होती. तेव्हा हातात दांडी धरून ते उडवणं कुणाला शक्यच नव्हतं. वाट आधी आखून पाठवायची. उडणं, सावरणं, उतरणं त्याचं त्याने करायचं. त्यासाठी त्याच्या डोक्यात बसवलेला प्रोसेसर मोबाइल फोनमधला होता, बाजारात मिळणारा. खाली बघणारा एक कृष्णधवल कॅमेरा एकामागून एक चित्रं घ्यायचा. कोणता दगड मागच्या चित्रातून पुढच्या चित्रात किती सरकला यावरून आपण किती पुढे गेलो ते ताडायचा.

सहाव्या उड्डाणात, 22 मे रोजी, या चित्रमालिकेतलं एक चित्र गळालं. त्यानंतरच्या प्रत्येक चित्रावरची वेळ चुकली. यान स्वतःला जिथे समजत होतं तिथे ते नव्हतं, म्हणून ते सावरू लागलं, पुढेमागे झुलू लागलं आणि वीसएक अंश कललं. तरीही ठरलेल्या जागेपासून पाच मीटरच्या आत सुखरूप उतरलं. उतरताना शेवटच्या टप्प्यात चित्रांवर अवलंबून राहायचं नाही, असं ते बांधतानाच ठरवलेलं होतं. असा शहाणपणा पाहिला की मला त्या अभियंत्यांबद्दल मनापासून आदर वाटतो.

करार होता पाच उड्डाणांचा आणि तीस मंगळदिवसांचा. त्यात उडून दाखवायचं एवढंच काम होतं. पण ते पडलं नाही, गोठलंही नाही, तेव्हा त्याच्याकडे खरं काम आलं: बग्गीच्या पुढे जाऊन बघण्याचं. 5 जुलै 2021च्या नवव्या उड्डाणात ते सेइताह नावाच्या वाळूच्या लाटांवरून 625 मीटर गेलं. बग्गी तिथे उतरली असती तर रुतली असती. यानाने वरून घेतलेल्या रंगीत चित्रांवरून कोणते खडक बघायला वळसा घालून जाणं परवडेल आणि कोणते सोडून द्यावेत, हे शास्त्रज्ञांना घरबसल्या ठरवता आलं. पुढच्या वर्षी 19 एप्रिलला, पहिल्या उड्डाणाच्या वाढदिवशी, ते बग्गी उतरवणाऱ्या हवाई छत्रीवरून आणि फुटलेल्या शंकूच्या अवशेषांवरून उडालं. ती चित्रं मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. लाल मातीत पडलेलं परक्या यानाचं भग्न कवच, बाजूला पसरलेलं कापड, आणि वरून घिरटी घालणारा टेहळ्या. विज्ञानकथेतल्या युद्धाचं मुखपृष्ठच. फरक एवढाच की तिथे कुणी कुणाला पाडलं नव्हतं. ते कवच सुरक्षित उतरण्याच्या कामी आलं होतं आणि ते कसं आदळलं हे तपासायला टेहळ्या आला होता.

मराठी विज्ञानकथेत रणांगणं तशी कमीच. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तेव्हापासून इथे जी परंपरा बहरली तिचा ओढा कुतूहलाकडे राहिला. परग्रहावर पोचलेलं यान आधी बघेल, विचारेल, ही अपेक्षा आपल्या वाचकाला परकी वाटत नाही. म्हणूनच इन्जेन्युइटीची कहाणी मराठीत जेवढी सांगितली जायला हवी होती तेवढी गेली नाही, याची मला खंत आहे.

वरून बघण्याला मर्यादा असतात, आणि त्या शिकायला लोणारसारखी शाळा नाही. 1823 साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली, तेव्हापासून दीडशे वर्षं ते ज्वालामुखीचं की आघाताचं, हा वाद चालला. काठावरून बघून तो मिटण्यासारखा नव्हता. भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी तळाशी भोकं पाडून नमुने वर काढले, त्यांत जबर धक्क्याने काचेसारखं झालेलं मॅस्केलिनाइट सापडलं आणि 1973 साली निष्कर्ष छापून आला: आघात. जून 2020 मध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हाही तसंच झालं. उपग्रहांनी रंग टिपला, बातमी जगभर गेली, पण कारण कळलं ते पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत, बाटलीतून नेलेल्या पाण्यात. खारं पाणी मानवणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव वाढले होते आणि तो रंग त्यांचा होता. पाणी स्थिर ठेवल्यावर ते खाली बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. लोणारला हळदीची चिमूट पाण्यात टाकून ती लाल होताना दाखवतात, तेही हात लावल्याशिवाय न कळणारं ज्ञान आहे. इन्जेन्युइटीकडे कॅमेऱ्यापलीकडे शास्त्रीय उपकरण एकही नव्हतं. खडक फोडायचा तो बग्गीनेच. टेहळ्याने फक्त जागा दाखवायची.

त्याचा शेवटही त्याच्या डोळ्यामुळे झाला. 18 जानेवारी 2024च्या 72व्या उड्डाणात खाली वाळूच सपाट पसरलेली होती. खूण धरायला दगड नाही, खळगा नाही. कॅमेऱ्याला काहीच सरकताना दिसेना, तेव्हा आपला वेगच यानाला उमगेना. उतरताना ते आडवं घसरत आलं, वाळूच्या उतारावर आपटून एकदम कललं आणि चारही पाती मोडली. एक पातं सबंध निखळून दूर पडलं.

आता नऊ दिवसांच्या त्या हिशेबाकडे येतो. अशा हलक्या उडत्या यंत्रांवर आपल्याकडेही काम झालं. मुंबई आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांची आयडियाफोर्ज ही नवी मुंबईची कंपनी आणि संरक्षण संशोधन संस्थेची पुण्यातली प्रयोगशाळा यांनी मिळून ‘नेत्र’ घडवलं, वजन दीड किलोच्या आसपास. फक्त बघणारं यंत्र. पण नागपुरात, म्हणजे लोणारच्याच विदर्भात, ‘नागास्त्र-1’ बनतं. सैनिकाने पाठीवर वाहायचं, आकाशात घिरट्या घालत लक्ष्य शोधायचं आणि सापडलं की किलोभर स्फोटकासह त्यावर जाऊन आदळायचं. सैन्याने अशी 480 मागवली, त्यांतली पहिली 120 जून 2024 मध्ये दिली गेली. रेव्हन बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीनेही ‘स्विचब्लेड’ हे तसंच शस्त्र काढलं आहे. सीमेवरच्या सैनिकाला त्याची गरज आहे, हे मी नाकारत नाही. नागास्त्रात तर लक्ष्य चुकीचं वाटलं तर ते परत बोलावून हवाई छत्रीने उतरवण्याची सोय आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. तरीही बघणारं यंत्र आणि मारणारं यंत्र एकच होऊन बसलं, की आकाशात घरघर ऐकणाऱ्या माणसाला त्यातला फरक कळायची सोय उरत नाही. मग नुसतं बघायला आलेलंही पाडलं जातं. निव्वळ टेहळ्या ही वेगळी जात म्हणून राखली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. मंगळावर ती राखली गेली.

पुढचा टेहळ्या शनीच्या टायटन या चंद्रावर जायचा आहे. मोटारीएवढं ‘ड्रॅगनफ्लाय’ 2028 मध्ये निघेल आणि 2034च्या सुमाराला पोचेल. तिथेही त्याला बघायचं आहे ते एक आघाती विवरच, सेल्क नावाचं. टायटनची हवा दाट आहे, म्हणून तिथे वजनाची चैन परवडते.

लोणारला ती चैन लागणारच नाही. भारताच्या 2021च्या ड्रोन नियमांत अडीचशे ग्रॅमपासून दोन किलोपर्यंतच्या यंत्रांचा ‘मायक्रो’ वर्ग आहे. इन्जेन्युइटी त्यातच बसलं असतं. लोणार 2000 साली अभयारण्य झालं, 2020 साली रामसर यादीत गेलं. म्हणून तिथे हौशी ड्रोन उडू नयेत आणि पक्ष्यांच्या विणीच्या काळात तर कोणतंच उडू नये, हे योग्यच. पण वनखात्याच्या देखरेखीखाली, प्रत्येक ऋतूत एकदा, त्याच वाटेने, त्याच उंचीवरून, एका हलक्या यानाने काठ, उतार, धारेचा ओघ, कमळजा देवीच्या देवळाजवळची पाण्याची रेघ आणि वेड्या बाभळीची वाढ टिपावी. त्याच दिवशी ठरलेल्या जागांवरून पाण्याच्या बाटल्या भरून न्याव्यात. आणि ही सगळी चित्रं तारखेसह लोणारच्या शाळांना आणि कुणालाही बघता येतील अशी खुली ठेवावीत. पाणी पुन्हा रंग बदलेल त्या वर्षी, आदल्या दहा वर्षांत काय काय होत होतं, हे तेव्हा हाताशी असेल.